बटाट्याच्या बेण्याला कोंब: किती आणायचे, कधी आणायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर त्यालाच धरून राहील. तुम्ही पुण्यात राहता, घरामागे दहा फूट बाय चार फुटांचा वाफा आहे आणि दिवाळीच्या सुमारास त्यात बटाटा लावायचा आहे. भाजीबाजारातून आणलेल्या बटाट्यांपैकी काहींना टोपलीत वीतभर पांढरे कोंब आलेत, काही मात्र महिनाभर ठेवूनही तसेच आहेत. इंग्लंडमधल्या बहिणीने सांगितलं की बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे करून थंड खिडकीपाशी सहा आठवडे ठेव. आता कोंब आणणं गरजेचं आहे का, हे पांढरे कोंब चालतील का आणि मोठे बटाटे कापायचे का, हे तुम्हाला हवं आहे.

आम्ही खेड तालुक्यातले. घरी खरिपाचा आणि रब्बीचा असा दोन्ही हंगामांचा बटाटा असतो आणि परसातल्या वाफ्यात मी माझा वेगळा लावते. त्यामुळे शेतातलं बेणं (म्हणजे लावायचा बटाटा) आणि घरातलं बेणं, दोन्ही रोज हाताखालून जातं. कोंब जरूर आणा. पण तुमची खरी अडचण कोंबांची नाही, बेण्याच्या वयाची आहे. तुमच्या टोपलीत वेगवेगळ्या वयाचे बटाटे एकत्र आलेत. ते एकाच ट्रेमध्ये कितीही आठवडे ठेवले तरी एकसारखे फुटणार नाहीत.

बहिणीचा सल्ला तिच्या जागी बरोबर आहे. तिकडे फेब्रुवारीत जमीन गार आणि ओली असते, लागवड मार्च-एप्रिलशिवाय होत नाही. मधले आठवडे बटाटा घरात, दहाएक अंश तापमानात, उजेडाला ठेवला की कोंब सावकाश वाढतो आणि जमीन तयार झाली की पीक तेवढं पुढे असतं. आपल्याकडे ऑक्टोबरात घरातलं तापमान पंचवीस ते तीस अंशांच्या घरात असतं. तिथे सहा आठवड्यांत जेवढा कोंब येतो तेवढा इथे दहा ते पंधरा दिवसांत येतो. त्यापुढे ठेवलं तर बटाटा स्वतःला खात बसतो: सुरकुततो, मऊ पडतो, कोंब लांबतात आणि लावायच्या आधीच बेणं म्हातारं होतं.

आपल्याकडे टंचाई असते ती थंडीची. बटाट्याचा वेल कसाही वाढेल, पण जमिनीखाली बटाटा धरायला रात्री गार लागतात. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या वर राहिलं की पाला माजतो आणि खाली बटाटे कमी लागतात. पुण्यात दिवसही बेताचे आणि रात्रीही गार, असा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच मिळतो आणि ८० ते १०० दिवसांचं पीक त्यात बसवायचं असतं. कोंब न आलेलं बेणं लावलं तर उगवायलाच तीन-चार आठवडे जातात आणि तेही मागेपुढे. कोंब आलेलं बेणं बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत जमिनीवर दिसतं. आपण कोंब आणतो ते हे थंडीचे दिवस वाचवायला.

आता वयाचं सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. काढणी झाल्यावर बटाटा काही आठवडे झोपेत असतो. जातीप्रमाणे कमीजास्त, पण साधारण दोन ते तीन महिने धरा. या काळात त्याला उजेड, ऊब काहीही दिलं तरी डोळा, म्हणजे कोंब जिथून फुटतो ती खाच, हलत नाही. झोप नुकतीच मोडलेली असेल तर बहुधा शेंड्याकडचा एकच डोळा जोरात फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. आणखी काही काळ गेला की हा जोर ओसरतो आणि तीन-चार, पाच डोळे एकदम फुटतात. लावायला सगळ्यात चांगलं बेणं ते हेच. त्याहून जुनं झालं की कोंब बारीक, केसासारखे येऊ लागतात. असं बेणं लावलं तर कधीकधी वर पाला न येताच जमिनीत त्या कोंबांना गोट्यांएवढे बटाटे धरतात आणि पीक तिथेच संपतं. केसाळ कोंब रोगट बेण्यालाही येतात, म्हणून असा बटाटा मी कारण शोधत न बसता बाजूला काढते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्याच्या बाजारात जो बटाटा असतो तो दोन अगदी वेगळ्या ठिकाणांहून आलेला असतो. एक आग्र्याकडचा किंवा इंदूरचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला आणि तेव्हापासून शीतगृहात राहिलेला. दुसरा आपल्या भागातला, खरिपाचा, नुकताच काढलेला. व्यापारी त्याला अजून तळेगाव बटाटा म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. बटाट्यावर अंगठा दाबून घासा. साल पापुद्र्यासारखी सुटून आली तर तो नवा. तो झोपेत आहे, डिसेंबरशिवाय जागा होणार नाही आणि तोवर तुमचा हंगाम निघून जाईल. तुमच्या टोपलीतले जे फुटत नाहीत त्यांतले काही नक्की हे असतील. भाजीला उत्तम बटाटा आहे, तो खाऊन टाका.

साल घट्ट आहे आणि तरी फुटत नाही, असा बटाटा असेल तर कारण वेगळं. खाण्याचा बटाटा हल्ली बऱ्याच ठिकाणी दहा-बारा अंशांवर ठेवतात, म्हणजे तो गोड होत नाही. पण त्या तापमानाला कोंब येतात, म्हणून त्यावर क्लोरप्रोफाम हे कोंब रोखणारं औषध धुरासारखं सोडतात. अशा बटाट्याला कोंब आलेच तर खुरटे, गाठीसारखे येतात. ते लावण्यात अर्थ नाही. बाहेरून पाहून हे औषध ओळखता येत नाही, म्हणून बाजारातला खायचा बटाटा बेणं म्हणून वापरू नका असंच मी सगळ्यांना सांगते. कोणाचा येतोही छान, पण त्यावर हंगाम लावण्यात शहाणपण नाही.

बेणं म्हणूनच विकला जाणारा बटाटा घ्या. आमच्या भागात मंचरला त्याची मोठी बाजारपेठ आहे आणि बहुतेक माल पंजाबातून येतो. पंजाबातूनच का, त्याला कारण आहे. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, फार कमी असतो. त्या वेळात बेण्याचं पीक वाढवतात आणि मावा वाढायच्या आत, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, पाला कापून टाकतात. बटाट्याचे विषाणूरोग मावा पसरवतो, त्यामुळे हे बेणं त्या मानाने स्वच्छ राहतं. मग ते दोन ते चार अंशांवर शीतगृहात जातं आणि ऑक्टोबरात बाहेर येतं तेव्हा नेमकं बहुकोंबी वयाचं असतं.

अडचण एवढीच की तिथे पन्नास किलोची गोणी घ्यावी लागते. तुमच्या वाफ्याला ४० ते ५० ग्रॅमचे चाळीसेक बटाटे, म्हणजे दोन किलो पुरतात. तीन-चार घरांनी मिळून घ्या किंवा चाकण, राजगुरुनगर, मंचर भागातल्या कोणा शेतकऱ्याला लागवडीच्या दिवसांत दोन किलो मागा. कोणी नाही म्हणत नाही. जात कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी यांपैकी जी मिळेल ती घ्या. तुमच्याकडे थंडीचे दिवस मोजके असल्याने चंद्रमुखी किंवा पुखराज मिळाली तर अधिक चांगलं, त्या लवकर तयार होतात.

बेणं घरी आलं की पहिला दिवस महत्त्वाचा. शीतगृहातून थेट आलेला बटाटा उबदार हवेत आला की त्याला घाम फुटतो, सालीवर पाणी जमतं. ते तसंच गोणीत राहिलं तर दोन दिवसांत सडका वास येतो. म्हणून आल्याबरोबर गोणपाटावर एका थरात पसरा, पंखा लावा, पूर्ण कोरडं होऊ द्या. उन्हात मुळीच नाही. माती लागलेली असेल तर कोरड्या हाताने झटका, धुऊ नका. एका सडक्या बटाट्याचे जंतू धुण्याच्या पाण्यातून सगळ्यांवर जातात. मऊ, ओले, कुबट वासाचे बटाटे याच वेळी निवडून टाका.

मग उजेड. अंड्यांचा ट्रे चालतो, फळांचं उथळ खोकं चालतं, सूपसुद्धा चालतं. बटाटा हातात धरून पाहा: एका टोकाला वेलापासून तुटल्याची बारीक खूण असते, ते देठाकडचं टोक, उलट टोकाला डोळ्यांची दाटी असते, तो शेंडा. शेंडा वर करून, एकच थर लावून ठेवा. जागा अशी हवी की तिथे बसून वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड असेल, पण थेट ऊन येणार नाही आणि वारा खेळता राहील. उत्तरेकडची गॅलरी सगळ्यात उत्तम. पाणी शिंपडायचं नाही. ओल्या पोत्याने झाकून कोंब काढणारे लोक आहेत, पण आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याने फुटण्याइतकीच सडही होते.

उजेडाचं काम कोंब फोडण्याचं नाही, त्याला आखूड ठेवण्याचं आहे. अंधारात कोंब उजेड शोधत लांबत जातो, पांढरा आणि ठिसूळ राहतो. उजेडात तो जागच्या जागी जाड होतो. आठ-दहा दिवसांनी एक बटाटा उचलून कोंब जवळून बघा. चांगला कोंब करंगळीच्या पेरापेक्षाही छोटा, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा असतो. रंग जातीप्रमाणे हिरवट किंवा जांभळट, वर आवळलेली पानांची टिकली, आणि बुडाशी साबुदाण्याहून बारीक असे उठलेले ठिपके. ते ठिपके म्हणजे तयार होऊन थांबलेली मुळं. ओली माती लागली की ती एक-दोन दिवसांत बाहेर पडतात. हे ठिपके दिसले की बेणं तयार झालं, मग दिवस मोजत बसू नका. बोटाने हलकं ढकललं तरी असा कोंब सहज तुटत नाही.

या दिवसांत एक शत्रू लक्षात ठेवा: पाकोळी. राखाडी रंगाचा छोटा पतंग असतो, रात्री येऊन बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालतो आणि अळी डोळ्यातूनच आत शिरते. ही कीड आपली नाही. १९०६ च्या सुमारास इटलीतून आणलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात आली आणि कायमची राहिली. उघड्यावर, उबदार जागी पसरलेलं बेणं म्हणजे तिच्यासाठी आयतं घर. म्हणून ट्रेवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा नाहीतर पातळ मलमल टाका. उजेड-वारा अडत नाही आणि पतंग बाहेर राहतो. डोळ्यापाशी काळसर विष्ठेचे कण दिसले तर तो बटाटा लगेच काढून टाका.

तुमच्या त्या वीतभर पांढऱ्या कोंबांचं काय करायचं? तसे लावू नका, हात लावताच मोडतात आणि मातीत अर्धे वाकडे पडतात. बटाटा अजून टणक असेल तर ते कोंब बुडापासून खुडून टाका आणि बटाटा उजेडात ठेवा. दुसऱ्यांदा फुटतील ते बाजूच्या डोळ्यांतूनही फुटतील, संख्येने जास्त आणि आखूड. एकदा खुडणं परवडतं. तिसऱ्यांदा फुटायची वेळ आली तर त्या बटाट्यात फारसा जोर उरलेला नसतो. बटाटा आधीच सुरकुतून मऊ झाला असेल तर खुडण्याचे कष्ट घेऊ नका, कंपोस्टमध्ये टाका. बेण्याच्या बटाट्याला शेंड्याकडे एकच दांडगा कोंब आला असेल तर तोही मी खुडते, म्हणजे बाकीचे डोळे जागे होतात. हे लावण्याच्या निदान आठवडाभर आधी करायचं.

किती कोंब ठेवायचे, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. जेवढे कोंब तेवढी खोडं. खोडं जास्त तर बटाटे संख्येने जास्त पण लहान, खोडं कमी तर बटाटे कमी पण मोठे. घरच्या भाजीसाठी तीन-चार कोंब पुरे. जास्तीचे हलकेच काढले तरी चालतं, नाही काढले तरी काही बिघडत नाही.

कापण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरच्या वाफ्याला शक्यतो कापू नका, कोंबडीच्या अंड्याएवढे अख्खे बटाटे निवडा. ऑक्टोबरात माती गरम असते आणि गरम, ओल्या मातीत कापलेली फोड सहज सडते. शेतकरी कापतो ते बेण्याचा खर्च वाचावा म्हणून. दोन किलोच्या बेण्यात तुमची फारशी बचत होणार नाही. मोठेच मिळाले आणि कापावेच लागले तर आडवे कापू नका, शेंड्यापासून देठाकडे उभे कापा, म्हणजे शेंड्याकडचे जोरदार डोळे दोन्ही फोडींना मिळतात. प्रत्येक फोड ३० ग्रॅमच्या खाली नको आणि तिला निदान दोन डोळे हवेत. कापून लगेच मातीत घालू नका. सावलीत, वाऱ्याला दोन दिवस ठेवा, कापलेल्या भागावर कोरडी, खरबरीत साय धरली की मगच लावा. राख लावायची पद्धत आमच्याकडेही आहे, लावा हवी तर. पण जखम भरते ती सावली, हवा आणि वेळ मिळाल्यामुळे.

कापताना दोन सुऱ्या घ्या, एक उकळत्या पाण्यात ठेवून दुसरी वापरा आणि प्रत्येक बटाट्यानंतर बदला. कापल्यावर आतल्या बाजूला, सालीपासून थोडं आत, तपकिरी वर्तुळ दिसलं आणि दाबल्यावर त्यातून पांढरट चिकट पाणी आलं तर तो बांगडी रोग. असा बटाटा कंपोस्टमध्येही नको, घराबाहेर टाका. हा जंतू मातीत टिकतो आणि टोमॅटो, वांगं, मिरची यांनाही लागतो. याच कारणाने, गेल्या हंगामात ज्या वाफ्यात टोमॅटो किंवा वांगी होती तिथे बटाटा लावू नका. मेथी, कोथिंबीर, घेवडा होता तो वाफा निवडा.

तुमच्या बाबतीत वेळापत्रक असं बसेल. दसऱ्याच्या सुमारास बेणं आणा, एक दिवस वाळवून उजेडात लावा. दोन आठवड्यांत ते तयार होईल. ऑक्टोबरची काहिली त्या वर्षी लांबली तर घाई नको, कोंब तयार झालेलं बेणं घरातल्या सगळ्यात गार पण उजेडाच्या जागी आठवडाभर आरामात थांबतं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लागवड झाली की जानेवारीअखेर-फेब्रुवारीत काढणी होईल. तुम्ही मुंबईत किंवा कोकणात असता तर मी नोव्हेंबरच्या शेवटी लावायला सांगितलं असतं आणि अपेक्षाही कमी ठेवायला सांगितली असती, कारण तिथे गार रात्री मोजक्याच असतात.

लावण्याच्या आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी वाफ्याला भरपूर पाणी द्या आणि माती वापशावर आल्यावर लावा. मुठीत दाबली तर गोळा होईल आणि बोटाने ढकलला तर फुटेल, इतपत ओल. कुजलेलं शेणखत आधीच मिसळलेलं असावं. ताजं शेण नको. दीड फुटावर ओळी, ओळीत सात-आठ इंचांवर बटाटा, कोंब वर, त्यावर दोन-तीन इंच माती. ट्रेमधून बटाटे ओंजळीत गोळा करून नेऊ नका. ट्रेच वाफ्यापाशी न्या आणि एकेक उचलून ठेवा, कारण एवढी मेहनत घेतलेले कोंब बहुतेक याच क्षणी मोडतात. वर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला टाका, माती गार राहील. लावल्याबरोबर पुन्हा पाणी ओतायचं नाही. बेण्याच्या पोटात पहिल्या दिवसांचं अन्न-पाणी असतं, आधीची ओल पुरते. कोंब वर दिसू लागले की हलकं पाणी सुरू करा आणि झाडं वीतभर झाली, साधारण महिन्याच्या आत, की बुंध्याला मातीची भर द्या. भर नीट दिली नाही तर वरचे बटाटे उघडे पडून हिरवे होतात आणि पाकोळीलाही सापडतात.

उजेडात ठेवलेलं बेणंही असंच हिरवं होतं. लावायला ते उत्तम, उलट हिरवं बेणं सहसा कमी सडतं. पण त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही. लागवडीनंतर ट्रेमध्ये पाच-सहा बटाटे उरतातच. ते स्वयंपाकघरातल्या टोपलीत परत जाऊ देऊ नका, गाई-म्हशींनाही घालू नका. एखाद्या कुंडीत किंवा जुन्या पोत्यात लावून ठेवा. वाफ्यात एखादी जागा रिकामी राहिलीच तर पंधरा दिवसांच्या आत त्यातलं झाड मातीच्या गड्ड्यासकट उचलून तिथे बसवता येतं.